तुम्ही विचारलंत म्हणून: ॲक्रॉइड कुठून सुरू करावा?

इंग्रज लेखक पीटर ॲक्रॉइड वाचायचा आहे, आधी कोणतं पुस्तक घेऊ, असं बरेच जण विचारतात. बहुतेकांनी कुठल्या तरी यादीत त्याच्या ‘हॉक्समूर’ या कादंबरीचं नाव पाहिलेलं असतं. माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी ‘लंडन: द बायोग्राफी’ (2000), आणि तेही सलग नाही.

हा माणूस चरित्र लिहो, कादंबरी लिहो की इतिहास, त्याचा खरा विषय लंडनच. या पुस्तकात एकोणऐंशी छोटी प्रकरणं आहेत. त्यांचा क्रम सनावळीपेक्षा विषयांचा: धुकं, आग, तुरुंग, गर्दी, खाणंपिणं. पहिल्या पानापासून सुरू केलं की शंभरेक पानांत दम लागतो. त्यापेक्षा धुकं आणि 1666 ची आग ही प्रकरणं आधी घ्या, मग न्यूगेट तुरुंग. ॲक्रॉइडची पद्धत तेवढ्यात कळते. एकाच गल्लीत पाचशे वर्षांनी तसंच काही घडलं की त्याला त्यात गावाचा स्वभाव दिसतो. वाचायला हे मोहक आहे, पण पुरावा म्हणून कच्चं.

त्यानंतर ‘हॉक्समूर’ (1985). प्रकरणं बारा. विषम प्रकरणांत अठराव्या शतकातला वास्तुकार निकोलस डायर स्वतः बोलतो, सम प्रकरणं विसाव्या शतकातली, त्यांत पुढे पोलीस अधिकारी हॉक्समूर खुनांचा तपास करतो. वाचक अडतात ते पहिल्याच पानावर, कारण डायरचं इंग्रजी जुन्या वळणाचं आहे आणि त्यात नामांना मधेच मोठी अक्षरं येतात. शब्दकोश बाजूला ठेवा, दोन-तीन पानं मोठ्यानं वाचा. कान सरावला की अर्थ लागतो. प्रकरण संपतानाचे शब्द पुढच्याच्या सुरुवातीला डोकावतात, म्हणून मधे आठवडाभराची सुट्टी नको. खुनी कोण हे शेवटी उलगडेल या आशेवर मात्र वाचू नका.

ऐतिहासिक कादंबरीलाच इतिहास मानायची आपली सवय जुनी, म्हणून हेही सांगतो. खरा निकोलस हॉक्समूर (1661–1736) हा वास्तुकारच होता. लंडनमधली त्याची सहा चर्चं आजही उभी आहेत. स्पिटलफील्ड्सचं क्राइस्ट चर्च त्यांतलंच. कादंबरीत डायर बांधतो ते सातवं चर्च आणि त्याची सैतानपूजा ही कादंबरीकाराची भर.

चरित्रांत ‘डिकन्स’ (1990) सर्वांत मोठं, हजाराहून अधिक पानांचं. त्यात मधे मधे चक्क काल्पनिक प्रसंग आहेत, एकात तर लेखकच डिकन्सला भेटतो. पुढे आलेल्या संक्षिप्त आवृत्तीत ते नाहीत. गोष्ट हवी असेल तर संक्षिप्त पुरते, ॲक्रॉइड हवा असेल तर जाडजूडच घ्या. ‘टी. एस. एलियट’ (1984) मध्ये कवितांची अवतरणं फारशी का नाहीत, असंही विचारतात. एलियटच्या वारसदारांनी ती छापायची परवानगीच दिली नव्हती. त्या अडचणीमुळे चरित्र उलट नेटकं झालं, असं मला वाटतं.

इंग्लंडच्या इतिहासाचे सहा खंड (2011 ते 2021) सर्वांत शेवटी, आणि हवा तो काळ निवडून. त्यात राजेरजवाड्यांचीच कथा पुष्कळ. लंडनच्या पुस्तकातली धमक इथे क्वचित भेटते. विकत घेताना एक पाहा: तिसरा खंड ब्रिटनमध्ये ‘सिव्हिल वॉर’, तर अमेरिकेत ‘रिबेलियन’ नावानं निघाला. पुस्तक एकच आहे, दोन्ही मागवू नका.