काळी दाढी

गुरुवार, रात्री

आज हातात काहीच नव्हतं. ग्लोव्ह नाही, सिरिंज नाही, टॉवेल नाही. बोटाच्या टोकावर चिमूटभर लाल भोपळ्याचा कीस, बस्स. काच सरकवली तर बुवांची, म्हणजे आमच्या आजारी बिअर्डेड ड्रॅगन सरड्याची, दाढी (गळ्याखालची काटेरी कातडी) काळीकुट्ट. गळा फुगवलेला, तोंड वासलेलं, आतला पिवळा रंग सगळा माझ्यासाठी. तोच कीस नीलने पुढे केला आणि बुवांनी चाटूनपुसून खाल्ला, दाढी तांदळाच्या पेजेच्या रंगाची.

मनाला लागलं. लागायचं कारण नाही हे कळतं, तरी लागलं. औषध मी देते, खपल्या मी भिजवते, रात्री उठून थर्मोस्टॅट मी बघते, आणि शत्रू कोण, तर मी.

पहिली पळवाट थंडीची. ब्रिस्बेनचा जुलै म्हणजे हिवाळा, सकाळी काचेच्या घरात गारवा असतो, आणि बिअर्डेड ड्रॅगन अंग गडद करून ऊन शोषतो हे पाळणाऱ्या सगळ्यांना माहीत असतं. पण मेलबर्नच्या संशोधकांनी २०१६ साली हे नीट वेगळं करून दाखवलंय. तापमानाप्रमाणे रंग बदलते ती पाठ. दाढी आणि छाती बदलते ती समोर कोण आहे त्यावरून. बुवांची पाठ सकाळी चांगली फिकी होती. नको तिथे पुरावा बरा सापडतो.

दुसरी पळवाट दुखण्याची, आणि ती इतकी सहज बाजूला सारता येत नाही. दुखत असलं तरी दाढी काळवंडते. डाव्या पुढच्या पंजावरची खपली आज कडेने उचलली गेली आहे. खालचे खवले पिवळट-तपकिरी, मधे एक बारीक भेग आणि भेगेत ओलसर लाल. जबड्याच्या कडेची जखम मात्र कोरडी आहे, तिथे नवी कातडी धरतेय. गुळगुळीत, गुलाबी, खवल्यांशिवायची. तिथले खवले पूर्वीसारखे परत यायचे नाहीत, व्रण राहणार. पण दुखत असेल तर ते नील समोर असतानाही दुखलं पाहिजे. दुखणं माणूस बघून येत नाही.

बुवांच्या या बुरशीच्या रोगाचा सगळ्यात वाईट गुण म्हणजे तो सुरुवातीला कात अडकल्यासारखा दिसतो. कात बोटांवर अडकते, आपण म्हणतो हवा कोरडी असेल, चला कोमट पाण्यात बसवू. हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि इथे तो उलटा पडतो, कारण बुरशीला ओल हवीच असते. कात निघून गेल्यावरही खाली रंग पिवळा राहिला, जाडसर खपली धरली, जखम एका जागेची दुसऱ्या जागी गेली, की बुरशीचा संशय घ्यायचा. नॅनिझिऑप्सिस ही बुरशी केराटिनवर, म्हणजे कातडी-नखांतल्या प्रथिनावर जगते, पण तिथे थांबत नाही. कातडीखाली उतरते, मग स्नायू, मग हाड, आणि फार उशीर झाला तर यकृत-फुप्फुसांपर्यंत. पूर्वी असल्या सगळ्या बुरश्या ‘सीएएनव्ही’ या एकाच नावाखाली घालायचे. २०१३मध्ये त्या वेगळ्या केल्या गेल्या. जगभरच्या पाळीव बिअर्डीमध्ये सापडते ती बहुधा ग्वारोई ही जात. इथली बार्बाटे, २०१३पासून ब्रिस्बेनच्या बागेतल्या जंगली वॉटर ड्रॅगनमध्येही दिसलेली. बुवांच्या रिपोर्टवर तीच. आली कुठून, हा प्रश्न आईने तीनदा विचारला आणि मी तीनदा विषय बदलला.

निदानाचं एक लिहून ठेवते, कारण गेल्या आठवड्यात कुणीतरी फोनवर विचारलं तेव्हा नीट सांगता आलं नव्हतं. वरवर कापूस फिरवून घेतलेल्या नमुन्यात काचेच्या टाकीतल्या भलत्याच बुरश्या उगवतात आणि माणूस निश्चिंत होतो. खपलीच्या कडेचा, थोडी निरोगी कातडी धरून, बायोप्सीचा तुकडा लागतो. त्याला पीएएस रंग दिला की बुरशीचे धागे कातडीच्या आत शिरलेले दिसतात. आत शिरलेले दिसणं महत्त्वाचं, नुसती बुरशी दिसणं नाही. नाव कळायला पीसीआर. कल्चर करायचं तर प्रयोगशाळेला आधी बजावायचं की ३० अंशांवर लावा. माणसाच्या नमुन्यासारखं ३७वर लावलं तर ती नीट वाढत नाही आणि रिपोर्ट निगेटिव्ह येतो.

औषध व्होरिकोनाझोल. तोंडातून, दिवसातून एकदा, किलोला १० मिलिग्रॅम. त्याआधी इट्राकोनाझोल वापरायचे, किलोला ५. बेल्जियममध्ये दोन्ही औषधं आजारी बिअर्डींवर ताडून पाहिली, त्याचे आकडे २०१० साली आले. इट्राकोनाझोलवर ७ पैकी २ जगले, व्होरिकोनाझोलवर एकच गेला. प्राणी मोजकेच होते, पण फरक मोठा होता. दोन्ही औषधं यकृतावर ताण देतात, म्हणून मधूनमधून शेपटीच्या शिरेतून रक्त. त्या दिवशीही मीच धरून बसते, ते वेगळं.

बुवा ४१२ ग्रॅम. म्हणजे ४ मिलिग्रॅम. सस्पेन्शन एका मिलिलिटरला ४०, म्हणजे ०.१ मिलि. पाण्याचे दोन थेंब म्हणावेत एवढंच, त्यामुळे चूक व्हायला जागाही तेवढीच पुरते. १ मिलिची, ०.०१च्या रेघा असलेली तोंडाची सिरिंजच हवी. आईने पुण्याहून आणलेल्या लाल टोपीच्या इन्सुलिनच्या सिरिंजा घरात आहेत आणि ती प्रेमाने पुढे करते, “अगं ही घे की, बारीक आहे.” त्या यू-४०च्या, म्हणजे मिलिलिटरला ४० युनिटच्या. त्यावर १०ची रेघ म्हणजे पाव मिलि, अडीचपट डोस. इथल्या यू-१००वर १०ची रेघ म्हणजे ०.१. दिसायला दोन्ही सारख्याच. आईच्या सिरिंजा मी आता वेगळ्या खोलीत ठेवल्यात. तिला वाटलं, सरड्याच्या खोलीतल्या वस्तूंची मला घाण वाटते. त्यावर काय बोलायचं?

बाटली फ्रीजमध्ये ठेवायची नाही, घरातल्या तापमानालाच, आणि पाणी घालून तयार केल्यापासून १४ दिवसांनी उरलं तरी फेकायचं. दर वेळी दहा सेकंद हलवायची. न हलवता दिलं तर पहिले डोस पातळ जातात आणि शेवटचे जाड, मग औषध लागू का पडत नाही म्हणून डोकं खाजवत बसायचं.

वेळ सकाळी दहानंतरची. बुवा दिव्याखाली तासभर तापलेले हवेत. गार अंगाने औषध पचत नाही आणि रोगप्रतिकारही मंदावतो. टॉवेलमध्ये पुढचे पाय गुंडाळून घ्यायचे, खालच्या ओठाखालची सैल कातडी हलकेच खाली ओढायची, तोंड फटभर उघडतं. सिरिंजचं टोक गालाच्या बाजूने. मधोमध नाही, कारण जिभेच्या मुळाशीच श्वासाचं छिद्र असतं. थेंब टाकायचा, ते जीभ फिरवतात, मग दुसरा. घाई केली तर फुप्फुसात.

मग जखमा. निर्जंतुक सलाईन कोमट करून, गॉझ भिजवून खपलीवर दहा मिनिटं. सुटेल तेवढंच उचलायचं. ओढायचं नाही, रक्त आलं म्हणजे आपण नवी कातडी फाडली. त्यावर क्लोरहेक्सिडिन ०.०५ टक्के. २ टक्क्यांचं द्रावण असेल तर ५ मिलि त्यात १९५ मिलि पाणी. साबण मिसळलेलं स्क्रब चालत नाही. डोळ्यांत, तोंडात जाऊ द्यायचं नाही. पाच मिनिटांनी टिपून पूर्ण कोरडं, बोटांच्या बेचक्यांसकट. शेवटी सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम, पण पापुद्र्याइतकं. जाड थर दिला तर त्याखाली ओल कोंडते.

हे सगळं वाचताना मलाच दिसतंय की रोज सकाळी कुणी मला गुंडाळून, ओठ ओढून, पाय चोळून सोडलं असतं तर मीही दाढी काळी केली असती. नसलेली उगवून केली असती.

डॉक्टरबाईंना मी आज हे बोलून दाखवलं, अर्धं हसत. त्या म्हणाल्या, काळी करतोय ना, म्हणजे अंगात बळ आहे. खरोखर खचलेला प्राणी डोळे मिटून पडून राहतो, टॉवेल आला काय आणि हात आला काय. पहिल्या भेटीत बुवा तसेच होते. तेव्हा त्यांना धरणं फार सोपं होतं, आणि मला वाटलं होतं की त्यांचा माझ्यावर विश्वास आहे. विश्वास कसला, ताकद नव्हती. आज त्यांना ताकद आहे आणि मत आहे. मत माझ्याविरुद्ध असलं तरी आहे.

तरीही. तरीही ती काळी दाढी डोळ्यांसमोरून जात नाही. नीलच्या बोटावर जीभ टेकवताना त्यांनी माझ्याकडे एक डोळा रोखून धरला होता, हे मी उगाच जोडत असेन. त्यांचे डोळे बाजूलाच असतात, ते सगळीकडेच रोखून बघतात.

हिवाळ्याचा त्रास वेगळा. या दिवसांत मोठे बिअर्डी जेवण सोडून सुस्त पडतात, आणि एरवी पडू द्यावं. उपचार चालू असताना नाही. उजेड रोज १२ तास, दिव्याखालचा दगड ४० अंश, गार कोपरा २५-२६, रात्री उजेड न देणारा सिरॅमिक हीटर, २२च्या खाली जाऊ द्यायचं नाही. दगड इन्फ्रारेड गनने मोजायचा. काचेला चिकटवलेला काटा काचेचं तापमान सांगतो, दगडाचं नाही. आर्द्रता ४०च्या आत. म्हणून पाण्याची मोठी वाटी बाहेर, पाणी थेंबाथेंबाने नाकावर. खायची वूडी झुरळं कॅल्शियमची भुकटी लावून चिमट्याने, आणि उरलेली लगेच बाहेर, नाहीतर रात्री जखमच कुरतडतात.

वाळू, लाकडाची फांदी, कॉर्कची साल, सगळं कचऱ्यात. लाकडातून बुरशी पूर्ण निघेल याची खात्री नसते. आता खाली पेपर टॉवेल, रोज नवा. टाकी आधी साबणाने घासून, मग एक भाग ब्लीच दहा भाग पाण्यात, निदान दहा मिनिटं ओलं ठेवून, मग स्वच्छ पाणी, मग ऊन. घासण्याआधी ब्लीच ओतलं तर ते मळातच खर्ची पडतं. मिरीची, म्हणजे आमच्या दुसऱ्या सरडीची, भांडी, चिमटा, टॉवेल वेगळे, आणि आधी मिरीचं काम, मग बुवांचं, उलट कधीच नाही. मिरीला तीन महिने तरी वेगळ्या खोलीत. तिच्याविषयी आज लिहायचं नाही.

नील म्हणाला, उद्यापासून औषध मी देऊ का, राग वाटून घेऊ. मोह झाला. पण धरायचा हात एकच असला की पकड रोज तीच राहते, जबडा तसाच उघडतो, डोस वाया जात नाही. आणि बुवांना घरात एक तरी माणूस आवडता हवा, ज्याच्या हातून ते खातील. न खाणारा आजारी प्राणी औषध लागू पडायच्या आधीच हरतो. तर नील भोपळा आणि झुरळं, मी सिरिंज आणि टॉवेल. खलनायिकेची नेमणूक कायम. पगार नाही, फंड नाही.

आणि ती लवकर सुटायचीही नाही. वरून सगळं बरं दिसायला लागतं तेव्हाच लोक औषध थांबवतात आणि दोन महिन्यांनी दुसऱ्या पायावर तेच. दिसणं सोडून द्यायचं. परत बायोप्सी, ती स्वच्छ आली तर थांबायचं. तोपर्यंत आठवडे जातील, कदाचित महिने.

शनिवारी या बाटलीचे १४ दिवस संपतात. उद्या दुपारी फार्मसीला फोन, नवी तयार करायला एक दिवस घेतात. आणताना बुवांचं वजन आधी, स्वयंपाकघरातल्या काट्यावर नाही, त्यांच्या स्वतःच्या. ४४० ग्रॅम भरले तर डोस ०.११. तेवढं तरी त्यांनी वाढावं, माझ्या रागावर का होईना.