फियाटचं जाम इंजिन उघडताना

इंजिन जाम झालंय असं आपण सरसकट म्हणतो, पण नेमकं काय जाम झालंय ते आधी बघावं. काकांची प्रीमियर पद्मिनी (घरात ती कायम ‘फियाट’च) ठाण्यात इमारतीच्या मागे बरेच पावसाळे उभी होती. तिचं १०८९ सीसीचं इंजिन उतरवून वागळे इस्टेटमधल्या मित्राच्या गाळ्यात आणलं. पुढच्या पुलीला पाना लावला तर केसभरही हलेना. सिलिंडरात पाणी साचून अडलं असेल म्हणून प्लग काढले. डायनॅमोचं किंवा वॉटर पंपाचं बेअरिंग धरलं असेल म्हणून फॅनबेल्ट काढला. दोन्ही नव्हतं, म्हणजे पिस्टनच धरले होते. अशा वेळी ‘एकदा स्टार्टर मारून बघ’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना चहा पाजून वाटेला लावावं.

पहिलं भांडण हेडशी, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाशी. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं, ते आवळून धरणारे स्टड (बिनडोक्याचे बोल्ट) पोलादी. ओल लागली की स्टडभोवतीचं ॲल्युमिनियम गंजून पांढरी भुकटी होते, आणि ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा खाते. त्यामुळे नट सगळे सुटले तरी हेड ढिम्म. प्लगच्या भोकातून सुती दोरी कोंबायची, क्रँक (पिस्टन ज्याला जोडलेले असतात तो मुख्य दांडा) फिरवायचा आणि पिस्टनकडूनच हेड उचलून घ्यायचं ही जुनी युक्ती इथे बाद, कारण फिरायला क्रँकच तयार नव्हता.

शेजारच्या गाळ्यातले लेथवाले मामा येऊन बघून गेले. “आधी तेल पाजा, मग ताकद दाखवा,” एवढंच म्हणाले.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल तेल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं करून स्टडच्या कडेने सोडत राहिलो. हे मिश्रण हलवूनच वापरायचं, दोन्ही लगेच वेगळी होतात. ॲसिटोन भडकतं, म्हणून तेल सोडलं त्या दिवशी ब्लो लॅम्प पेटवायचा नाही. मग दुसऱ्या दिवशी हेड तापवायचं. तितक्याच उष्णतेत ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं, त्यामुळे स्टडभोवतीची पकड सुटते. स्टडवर दोन नट एकमेकांवर घट्ट आवळले आणि खालच्या नटाला पाना लावून स्टडच फिरवला. पाव आटा उलटा, पाव आटा सुलटा. एकाच दिशेने जोर लावला की स्टड तुटलाच म्हणून समजा. एक तरीही तुटला. मामांनी उरलेल्या खुंटावर नट ठेवून आतून वेल्डिंग भरलं, आणि त्या उष्णतेनेच तो इतका सैल झाला की साध्या रिंग पान्याने निघाला. ईझी-आऊट (तुटका बोल्ट काढायचं उलट्या आट्याचं हत्यार) मी हातातही घेतला नाही. तो आत तुटला तर त्याच्या कडक पोलादावर ड्रिल चालत नाही.

हेड आणि ब्लॉकच्या फटीत छिन्नी मात्र कधीच घालू नये. ॲल्युमिनियमला ओरखडा पडला की तिथून गॅस्केट गळणार. लाकडी हातोडीने बाजूने ठोकत राहिलो तेव्हा हेड एकदाचं उठलं.

आत तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहिलेला, भिंतीवर नारिंगी गंजाचा कडाच. तो एमरी पेपरने घासून काढल्याशिवाय पिस्टन हलवायचा नाही, नाहीतर गंज रिंगांत अडकतो. इथे एक गोष्ट बघावी लागते. पिस्टन अगदी वर किंवा अगदी खाली असेल तर ठोकून उपयोग नाही. दणका कनेक्टिंग रॉडमधून सरळ बेअरिंगवर जातो, क्रँक फिरत नाही. माझे मधे होते, हे नशीब. मोकळ्या पिस्टनांच्या बेअरिंग कॅप खुणा करून काढल्या आणि ते बाहेर घेतले, म्हणजे भांडण अडलेल्यांशीच राहिलं. पिस्टनवर सागाचा ठोकळा ठेवून हलके ठोके, आणि मित्र फ्लायव्हीलच्या दात्यांत पहार अडकवून मागेपुढे करत होता. सुरुवातीला दाताभर हालचाल. पुन्हा तेल, पुन्हा मागेपुढे. मग कधीतरी ‘कट्’ असा आवाज आला आणि क्रँक सरकला.

बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मूळचा ६८ मिलिमीटर. गंजाचे खड्डे बघून मामांनी वीस थाऊ (इंचाचे वीस हजारांश) ओव्हरसाइज सांगितलंय, म्हणजे सिलिंडर तेवढा मोठा कापून मोठे पिस्टन घालायचे. पण पिस्टन हातात आल्याशिवाय ते बोअरिंग करत नाहीत, प्रत्येक पिस्टन मोजूनच सिलिंडर कापतात. म्हणून सध्या कुर्ल्याला सीएसटी रोडवरच्या दुकानांत फेऱ्या चालू आहेत.