महार रेजिमेंटचा बिल्ला आणि महू

इंदूरला मामांकडे रामबागेत मुक्काम असला की महूला जाणं आलंच. सरवटे बसस्थानकावरून बस धरायची, राऊ मागे टाकायचं, की छावणीचे रस्ते सुरू होतात. काली पलटन भागातल्या भीम जन्मभूमी स्मारकाच्या पायऱ्यांवर या खेपेला एक निवृत्त हवालदार काका भेटले. मूळचे अकोल्याकडचे, आता मुलाकडे इंदूरलाच असतात. ‘जय भीम’ झालं आणि माझी नजर त्यांच्या बेरेटवरच्या बिल्ल्यावर खिळली. महार रेजिमेंट!

मी विचारताच त्यांनी बेरेट काढून हातात दिली. एकमेकींना छेदणाऱ्या दोन व्हिकर्स मशीनगन, मधोमध उभा खंजीर, खाली पट्टीवर रेजिमेंटचं नाव. वर्षानुवर्षं पॉलिश करून कडा गुळगुळीत झालेल्या. गनच्या नळ्या इतक्या जाड कशा, असं मी विचारलं.

“ते नळी नाही पोरी, पाण्याचं जॅकेट हाय. नळी त्याच्या आत. तापू नये म्हणून चारेक लिटर पाणी भरत.”

ही गन एकट्याने चालवायची नव्हेच. एक जण तिवई उचलणार, दुसरा गन, बाकीचे पाणी आणि गोळ्यांचे पट्टे. ऑक्टोबर 1946 मध्ये महार रेजिमेंटला मशीनगन रेजिमेंट केलं, तेव्हा तिचं केंद्र आमच्या नागपूरशेजारच्या कामठीत होतं. बिल्ल्यावरच्या गन त्याच ओळखीच्या.

पण पहिल्या बिल्ल्यात मधे खंजीर नव्हता. तिथे कोरेगावचा स्तंभ होता, म्हणजे पुण्याजवळच्या कोरेगावात पेशव्यांच्या फौजेशी लढलेल्या कंपनीच्या शिपायांचं स्मारक, आणि स्तंभावर ‘महार’ हे नाव. त्या शिपायांत महार मोठ्या संख्येने होते.

महूत उभं राहून याचा विचार केला की अंगावर काटा येतो. डिसेंबर 1817 मध्ये महिदपूरला इंग्रजांनी होळकरांचा पराभव केला. 1 जानेवारी 1818 ला भीमा नदीकाठी कोरेगावची लढाई झाली, 6 जानेवारीला इंग्रज आणि होळकरांचा मंदसौरचा तह झाला आणि त्या तहानंतर महूची छावणी वसली. स्तंभ आणि छावणी, दोन्हींचं मूळ एकाच आठवड्यात! त्याच छावणीत सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते आणि 14 एप्रिल 1891 ला इथेच बाबासाहेब जन्मले.

त्यानंतर वर्ष-दोन वर्षांतच इंग्रजांनी ‘लढाऊ जाती’ ठरवल्या, त्यांत महारांना धरलं नाही आणि त्यांची सैन्यातली भरती बंद केली. ज्यांच्या शौर्याचा स्तंभ उभारला, त्यांच्याच नातवंडांना फाटकाबाहेर ठेवलं. मला हा निव्वळ कृतघ्नपणा वाटतो. भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून समाजातले कार्यकर्ते गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 मध्ये अर्ज तयार केला, शिवराम जानबा कांबळे यांनी 1910 मध्ये थेट लंडनच्या भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. पहिल्या महायुद्धात 111 महार ही पलटण उभी राहिली आणि 1921 मध्ये मोडलीही. 1941 च्या जुलैमध्ये बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि 1 ऑक्टोबरला बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. त्या पोरांच्या टोपीवर स्तंभ येणं म्हणजे काय, ते या वर्षांचा हिशेब मांडल्यावर कळतं.

पुढे स्तंभ जाऊन खंजीर आला. काकांना त्याचं दुःख नाही. “खांब कंपनी सरकारचा. आपल्या देशाच्या फौजेला तो कशाला?” मला त्यांचं पटतं, तरी पुरतं नाही. स्तंभ कंपनीने आपल्या विजयासाठी बांधला हे खरंच. पण त्यावरच्या 49 नावांपैकी 22 नावं महारांची आहेत, शेवटी महारांच्या नावांतला ‘नाक’ हा प्रत्यय लागलेली, आणि ती कंपनीची मालमत्ता नाहीत. 1 जानेवारी 1927 ला बाबासाहेब तिथे गेले ते त्या नावांसाठीच, असं मी मानते.

आज रेजिमेंटमध्ये सगळ्या जातींचे, प्रांतांचे जवान आहेत. 1987 मध्ये श्रीलंकेत लढताना धारातीर्थी पडलेले, मरणोत्तर परमवीर चक्र मिळालेले मेजर रामस्वामी परमेश्वरन 8 महारचेच, म्हणजे याच रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे. हे सांगताना काका ताठ बसले होते.

मी कोरेगावला अजून गेलेले नाही. 1 जानेवारीला जाईन म्हटलं, तर काकांनी मान हलवली. “त्या दिवशी वंदन होईल, वाचन नाही व्हायचं. नावं वाचायची तर आठवडाभर आधी जा.” आता डिसेंबरचं तिकीट काढते आहे.