आमची वाटचाल : तिसऱ्यांदा आलेला तोच घोटा

फिजिओथेरपीचं क्लिनिक सुरू केलं तेव्हा आमच्याकडे दोन खाटा, एक अल्ट्रासाउंडचं मशीन, एक टेन्सचं (हलका वीजप्रवाह देऊन दुखणं कमी करणारं) आणि शेकाच्या पिशव्या एवढंच होतं. पेशंट येऊन झोपायचे, आम्ही मशीन लावायचो. दुखणं कमी झालं की तेही खूश आणि आम्हीही. पहिली दोन वर्षं अशीच गेली.

मग व्हॉलीबॉल खेळणारा एक मुलगा उजवा घोटा मुरगळून आला. पंधरा दिवसांत सूज उतरली, दुखायचं थांबलं, आम्ही त्याला मोकळं केलं. काही महिन्यांनी पुन्हा तोच घोटा. वर्ष उलटायच्या आत तिसऱ्यांदा. त्या वेळी मी त्याला उजव्या पायावर उभं राहून डोळे मिटायला सांगितलं. पाच सेकंदांत त्याचा हात भिंतीकडे गेला. डाव्या पायावर मात्र तो अर्धा मिनिट सहज उभा राहिला. लिगामेंट, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारा पट्टा, दुखावतं तेव्हा पाऊल किती कललंय याची खबर मेंदूला देणारी यंत्रणाही बिघडते. हे आम्ही कॉलेजात शिकलो होतो, पण आधीच्या दोन्ही वेळा तपासलंच नव्हतं. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळायची शक्यता जास्त असते आणि तोल सांभाळायचे व्यायाम ती कमी करतात. चूक आमची होती. ती मनाला फार लागली.

त्यानंतर एक खाट काढली. तिच्या जागी लाकडी पायरी, डंबेल्स, रबरी पट्टे आले. "मॅडम, आज मशीन नाही लावणार?" हा प्रश्न रोज ऐकावा लागला. व्यायाम सांगितला म्हणून काही जणांनी येणं सोडलं. ते महिने कठीण गेले.

धीर दिला तो टाचेच्या टेंडनच्या (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या भागाच्या) पेशंटनी. टेंडनला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे ते सावकाश सुधारतं. नुसत्या विश्रांतीने दुखणं दबतं, पण भार पेलायची ताकद आणखी घटते. स्वीडनच्या हाकन आल्फ्रेडसन यांनी 1998 मध्ये 15 हौशी खेळाडूंवरचा प्रयोग प्रसिद्ध केला होता. पायरीच्या कडेवर चवडा टेकवून टाच हळूहळू खाली सोडायची, गुडघा सरळ ठेवून आणि मग वाकवून, 15-15 चे तीन सेट, दिवसातून दोनदा. म्हणजे रोज 180 वेळा, 12 आठवडे. ते सगळे पुन्हा धावू लागले. आमचे पेशंट सगळेच इतके नेमाने करत नाहीत, पण जे करतात त्यांच्यात फरक दिसतो.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतरचे पहिले दिवस मला सगळ्यात मोलाचे वाटतात. गुडघ्यात पाणी साठलं की मांडीचा पुढचा स्नायू जणू झोपी जातो. माणूस जोर लावतो आणि काहीच हलत नाही. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून "खाली दाब" म्हणायचं आणि वाटीच्या वर आतल्या बाजूला दोन बोटं ठेवून वाट बघायची. एके दिवशी बोटांखाली बारीक थरथर जाणवते. पेशंटला ती कळायच्या आधी आम्हाला कळते.

एसीएल, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणारं आतलं लिगामेंट, तुटून ऑपरेशन झालेल्या खेळाडूंना मैदानात परतायची घाई असते. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितकं पुढे ढकललं तितकी, दर महिन्याला सुमारे निम्म्याने, गुडघा पुन्हा दुखावण्याची शक्यता घटली. म्हणून आम्ही नुसती तारीख बघत नाही. एका पायावरची उडी आणि मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या निदान 90 टक्के व्हायला हवी, तोवर "हो" म्हणत नाही. यावरून पालकांशी वादही झालेत.

आता आम्ही चौघं फिजिओ आहोत. हंगामाआधी संघांकडे जातो. नुसत्या फेऱ्या मारण्याऐवजी फिफाचा '11 प्लस' वॉर्मअप शिकवतो. 20 मिनिटं लागतात, त्यात हॅमस्ट्रिंगची (मांडीच्या मागच्या स्नायूंची) ताकद, तोल, उडी मारून गुडघे आत न वळवता उतरणं असं सगळं येतं. सुरुवातीला प्रशिक्षक म्हणायचे, एवढा वेळ कुठून आणायचा. आता दोन संघांचे कर्णधार स्वतःच तो घेतात.

पेशंटला सोडल्यावर तीन महिन्यांनी आम्ही फोन करतो. बहुतेक जण "आता दुखत नाही" म्हणतात. मग आम्ही विचारतो, "त्याच पायावर डोळे मिटून किती वेळ उभं राहता येतं? आत्ता बघा, मी फोनवर थांबते."