सॉरॉन नुसता बसून काय करतो?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट लिहिते. वाचनालयात, कॉलेज रोडला चहा पिताना, परवा तर एका साखरपुड्यातसुद्धा तोच प्रश्न आला: "टोल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या एवढ्या जाडजूड कादंबरीत तो खलनायक सॉरॉन एकदाही समोर येत नाही. मग त्याला घाबरायचं कशाला? त्याची ताकद नेमकी काय?"

पंचवटीत वाढलेल्या माणसाला हा प्रश्न पडणारच. आमच्याकडे रावण स्वतः आला होता, वेष पालटून, सीतेच्या दारात भिक्षा मागत. त्याच्या ताकदीचा हिशेबही सरळ: तप केलं, वर मिळाला. सॉरॉनचं उलट आहे. त्यानं स्वतःतलंच बरंचसं काढून एका जादूच्या अंगठीत ओतलं; ती नष्ट झाली की तोही कोसळतो. त्याचा नुसता डोळा केला तो सिनेमानं. पुस्तकात त्याला देह आहे, ती अंगठी एके काळी बाळगणाऱ्या गोलमनं त्याच्या हाताची चार बोटं पाहिलेली आहेत.

पूर्वी मी सांगायचे की राक्षसाचा जीव पोपटात असतो, तसंच हे. ऐकणाऱ्यांना लगेच कळायचं. पण पोपट पिंजऱ्यात बसून राहतो, अंगठी बसून राहत नाही. सॅमसारख्या माळ्यालाही ती सॉरॉनच्या राज्यातल्या, म्हणजे मॉर्डोरमधल्या, गोर्गोरोथच्या उजाड पठाराची बाग करून दाखवते. ज्याला जे हवं, त्याच वाटेनं आत शिरते. आणि सॉरॉनशी लढणाऱ्या गोंडोर राज्याचा कारभारी डेनेथोर? त्याच्याकडच्या, लांबचं दाखवणाऱ्या जादूच्या दगडात सॉरॉनला खोटं दाखवताच येत नव्हतं. दिसलं ते खरंच होतं, फक्त निवडलेलं. पुढचं, त्याला हताश करायचं काम डेनेथोरच्या मनानं केलं.

हे मला पुस्तकातून कळलं असं मी म्हणते खरी, पण मला ते आमच्या अण्णांमुळे कळलं.

अण्णा एका सहकारी संस्थेत हिशेब बघायचे. चेअरमनच्या जीपच्या डिझेलच्या बिलावर त्यांनी लाल शाईनं शेरा मारला: "पावती जोडलेली नाही." एवढंच. दुसऱ्या आठवड्यात शिपायानं त्यांच्या टेबलावर चहा ठेवणं बंद केलं. मग टेबलच जिन्याखाली गेलं, जुन्या रजिस्टरांच्या गठ्ठ्यांशेजारी. डबा खायला बरोबर बसणारे दोघं खिडकीकडे सरकले. कारण एकच, तेही हळू आवाजात: "साहेबांना आवडलेलं नाही." अण्णांनी लेखी आदेश मागितला. मॅनेजर म्हणाले, हेडक्लार्कना विचारा. हेडक्लार्क म्हणाले, "अहो, आदेश कशाला लागतो? कळतं की."

पुढे गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर, लग्नात, चेअरमन समोर आले. मी अण्णांच्या शेजारीच उभी होते. अण्णांनी नमस्कार केला, नाव सांगितलं, संस्थेचं नाव सांगितलं. साहेब मनापासून हसले. "अरे वा, आपल्याच संस्थेत? कोणत्या शाखेला?" त्यांना काही माहीतच नव्हतं. ना बिल, ना शेरा, ना जिना. रिक्षात अण्णा म्हणाले, "त्यानं केलं असतं तर बरं झालं असतं गं. भांडता तरी आलं असतं."

म्हणून सॉरॉन समोर येत नाही तेव्हा मला लेखक कमी पडला असं वाटत नाही. त्याचा दूत आठवा, मॉर्डोरच्या काळ्या दरवाजाशी बोलायला येणारा. 'सॉरॉनचं तोंड' एवढीच त्याची ओळख, स्वतःचं नाव तो स्वतःच विसरलेला आहे. त्याच्याबद्दल वाचताना मला हेडक्लार्क दिसतात, आणि मला त्यांचा राग येतो. आजही येतो.

तुम्ही म्हणाल, कचेरीतलं राजकारण कुठे आणि मॉर्डोर कुठे. मान्य आहे. चेअरमनला इच्छाच नव्हती, सॉरॉनला आहे, आणि प्रचंड आहे. शिवाय नुसत्या धाकावर सैन्य जेवत नाही. मॉर्डोरमधल्या नूर्नेन सरोवराभोवती गुलाम शेतं कसतात, दक्षिणेकडून आणि पूर्वेकडून खंडणीच्या गाड्या येतात. हे कादंबरीत दोन-चार ओळींत उरकलंय, पण मला ते अंगठीइतकंच महत्त्वाचं वाटतं. युद्धानंतर राजा झालेला आरागॉर्न ती जमीन त्या गुलामांनाच देतो. सत्तेचं खरं ओझं कोणाच्या पाठीवर होतं, ते लेखकाला ठाऊक होतं.

मग शेवट का पटत नाही? अंगठी वितळते आणि ऑर्क, म्हणजे सॉरॉनचे राक्षसी सैनिक, सैरावैरा पळतात. आमचे चेअरमन निवडणुकीत पडले, तरी टेबल जिन्याखालीच राहिलं. माझी मुलगी म्हणते, "आई, ते त्याच्याच इच्छेवर चालत होते, ती गेली म्हणून कोसळले." असेल. पण त्याआधीच शाग्राट आणि गोरबाग हे दोन ऑर्क आपसात कुजबुजतात, की चार भरवशाचे गडी घेऊन कुठेतरी लांब निघून जाऊ, जिथे वर कोणी मोठा साहेब नसेल. ते कोणाच्या इच्छेनं बोलत होते? आणि एवढं मनात असून गेले का नाहीत? यावर आमचं अजून भांडण चालू आहे.