आमची वाटचाल : वस्तऱ्याची बैठक

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील आमच्या गाळ्यात जुने वस्तरे घासून उजळण्याचे काम सुरू झाले ते कात्र्यांना धार लावण्याच्या धंद्याला जोड म्हणून; परंतु आमचे नाव झाले तेही वस्तऱ्यांमुळे आणि आम्ही बुडता बुडता वाचलो तेही त्यांच्यामुळेच.

जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याने जर्मनीतल्या झोलिंगेनचे आणि इंग्लंडमधल्या शेफील्डचे 22 वस्तरे एकदम पाठवले आणि दिवाळीपूर्वी हवेत म्हणून तगादा लावला. मिनिटाला 2800 फेरे घेणाऱ्या बफवर, म्हणजे चकाकी आणणाऱ्या चाकावर, आम्ही ते चढवले. पोकळ घडणीचे, म्हणजे दोन्ही बाजूंनी खोलगट घासलेले पाते धारेजवळ इतके पातळ असते की उष्णता ओढून घ्यायला तिथे पुरेसा धातूच नसतो. 6 पात्यांवर निळी झाक उमटली, म्हणजे पोलाद 300 अंशांच्या आसपास तापून त्याचे पाणी, म्हणजे कठीणपणा, उतरला. सातवे पाते बफमध्ये अडकून तुटले. भरपाईसाठी लेथ विकावा लागला आणि त्याच महिन्यात आमच्या भागीदाराने हिशेब मिटवून वेगळी वाट धरली.

गावातल्या बहुतेक सलूनवाल्यांनी आपापल्या वस्तू परत नेल्या, तेव्हा एका वयोवृद्ध नाभिक काकांनी धोकटीतून वडिलांचा 6/8 इंच रुंद पात्याचा वस्तरा काढून आमच्या हातात ठेवला आणि म्हणाले, "मशीनला लावू नगंस, हातानं घास; म्हैना लागला तरी चालंल." आमचा पहिला जिग, म्हणजे घासताना पाते पक्के धरून ठेवणारी चौकट, त्या वस्तऱ्यासाठी तयार झाला.

सागवानी फळीवर पितळेच्या दोन पट्ट्या बसवून त्यांत विंग नटने वस्तऱ्याची शेपटी आवळली. पण खरी करामत पात्याखालच्या बैठकीत आहे. पात्याला मेणाचा हात देऊन ते ओल्या एमसीलवर दाबले आणि रात्रभर तसेच ठेवले, तेव्हा त्याच्या पोटाचा खोलगटपणा बैठकीवर उंचवटा होऊन उतरला. पाते उलटले की पाठीची, म्हणजे धारेसमोरच्या जाड कडेची, बाजू बदलते, म्हणून प्रत्येक घडणीला उजवी आणि डावी अशा दोन बैठका लागतात. घासण्यापूर्वी धार दगडावर उभी फिरवून बोथट करायची, मग लाकडी दांड्याला वॉटर पेपर गुंडाळून 320 नंबरच्या भरड पेपरपासून 2000 नंबरच्या बारीक पेपरपर्यंत, आधीच्या पेपरचा एकही ओरखडा मागे न ठेवता, लांबीच्या दिशेने चालायचे. काकांच्या वस्तऱ्याला 19 दिवस लागले.

त्यानंतरची 8 वर्षे कामात गेली. मग त्याच जुन्या भागीदाराने, आमच्या गाळ्यात दोनदा चहा पिऊन गेल्यावर, ॲल्युमिनियमचा तसाच जिग बाजारात आणला आणि ती स्वतःची मूळ रचना असल्याचे सांगू लागला. विकायला आमची हरकत नव्हती. रचना कोणाची, हे मात्र त्याने सांगायला हवे होते, आणि ही सल आजही गेलेली नाही. शिवाय त्याने नक्कल केली ती केवळ बाहेरच्या आकाराची. त्याच्या जिगला सगळ्या पात्यांसाठी एकच सपाट बैठक आहे. त्यामुळे खालून आधार नसलेले पाते बोटाच्या दाबाने लवते, पेपर मध्यभागी अधिक खातो आणि धार लाटेसारखी होते. गेल्या वर्षी अशी 14 पाती दुरुस्तीसाठी आमच्याकडे आली आणि त्यांतली 5 आम्हाला हात जोडून परत करावी लागली.

या कामात नव्याने येणाऱ्यांना सांगणे एवढेच, की पाठीला पेपर लावू नका. पाजवताना पाठ आणि धार दोन्ही दगडावर टेकतात आणि धारेचा कोन पाठीच्या जाडीवर ठरतो. चकाकीच्या मोहाने पाठ एका बाजूला झिजवलीत, तर तो वस्तरा कितीही उत्तम दगडावर नीट बसणार नाही. पात्यावरची सोनेरी अक्षरेही शाबूत राहू द्या, कारण ती एकदा गेली की त्या कारखान्याची खूणच पुसली जाते.

काका आता गिऱ्हाइकांची दाढी करत नाहीत, त्यांचा नातू सलून चालवतो आणि बदलत्या पात्यांचाच वस्तरा वापरतो. तरीही दर दसऱ्याआधी तो आजोबांचा वस्तरा घेऊन येतो, आणि आम्ही कपाटातून 1 क्रमांकाची बैठक काढतो.