फिन्सच्या किनाऱ्यावर पोपटी

पोपटी म्हणजे मडक्यात वालाच्या शेंगा वगैरे भरून जाळात भाजायचा अलिबागकडचा बेत. तिला मडकं लागतं आणि आमच्या सहलीची सुरुवात त्या मडक्यापासूनच झाली. आमच्यातला अलिबागकर जानेवारी लागला की दरवर्षी अस्वस्थ होतो. गावाकडे वालाला शेंगा धरलेल्या, रात्री शेतात पोपट्या लागलेल्या, आणि हा इथे मस्कतमध्ये. यंदा त्याच्या बायकोनेच विषय काढला: समुद्र आहे, थंडी आहे, सुटी आहे, मग इथेच का नाही लावायची? निझवा गावच्या बाजारात बहला गावची मातीची भांडी मिळतात. तिथून बिनझिलईची दोन साधी मडकी आणली. दोन आणली हे फार बरं झालं.

आम्ही सात जण, दोन गाड्या. जागा ठरवली फिन्स, ओमानच्या किनाऱ्यावरचं गाव. मस्कतहून कुरियातमार्गे सूरला जाणाऱ्या १७ नंबरच्या महामार्गावर सुमारे १४० किलोमीटर. कुरियात सोडलं की एका अंगाला पूर्व हजरचे उघडेबोडके डोंगर आणि दुसऱ्या अंगाला समुद्र, असाच रस्ता पुढे जातो. रस्ता उत्तम आहे, वेग मोजणारे कॅमेरेही भरपूर आहेत. पेट्रोल आणि पाणी कुरियातलाच भरून घ्या. पाणी आम्ही माणशी दिवसाला पाच लिटर धरलं होतं. पिणं, स्वयंपाक आणि खारट अंगावर दोन तांबे घेणं, एवढ्यात ते संपलं.

इथे सुटी शुक्रवार-शनिवारची. शुक्रवारी सकाळी निघून वाटेत बिम्म्याला थांबलो. चुनखडीचा दगड पाण्याने आतून पोखरला जाऊन वरून ढासळला आणि हा प्रचंड खड्डा तयार झाला. तळाशी हिरवंनिळं पाणी. गावकरी त्याला हवियत नजम म्हणतात, आकाशातून तारा पडून झालेला खड्डा. पायऱ्या उतरून पाण्यात पाय सोडून बसलं की बारके मासे तळव्यांना चावे घेतात. बाजूच्या बागेत स्वच्छतागृह आहे, त्याचा उपयोग करूनच पुढे निघा, कारण फिन्सला काहीच नाही.

फिन्सला साडेतीनच्या आत पोहोचा, हे मी आग्रहाने सांगेन. डोंगर पश्चिमेला असल्यामुळे सूर्य घड्याळातल्या सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी दिसेनासा होतो आणि जागा निवडायला उजेड हवाच. महामार्ग सोडल्यावर कच्चा, खडीचा रस्ता लागतो. पहिल्या एक-दोन खाड्यांपर्यंत आमची साधी गाडीही सावकाश गेली, पुढे मात्र चारही चाकांना जोर असलेली गाडी हवी. गाडी भाड्याची असेल तर कच्च्या रस्त्यावर विमा लागू होतो का, ते आधीच विचारून घ्या. मस्कतच्या हद्दीत तंबू ठोकणार असाल तर नगरपालिकेचे नियमही पाहून घ्या.

जागा निवडणं हे या सगळ्यातलं खरं काम, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो. चांदण्या दिसाव्यात म्हणून आम्ही मुद्दाम अमावास्येच्या जवळचा दिवस धरला होता. पण अमावास्या म्हणजे उधाण. अलिबागकर तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगायला लागला, पण तो हिशेब त्याच्या किनाऱ्याचा. इथे मस्कतची भरती-ओहोटीची तालिका फोनवर पाहून घ्यायची. शिवाय किनाऱ्यावर वाळलेलं शेवाळ, काटक्या आणि बाटल्यांची एक रेघ असते. पाणी कुठपर्यंत येऊन गेलंय ते ती रेघच सांगते. तंबू तिच्या बराच वर हवा. आणि जिथे वादी, म्हणजे एरवी कोरडी असणारी नदी, समुद्राला मिळते त्या तोंडाशी कधीही नको. तिथली सपाट, मऊ वाळू मोह पाडते. पण डोंगरात मागे कुठे पाऊस झाला की तुमच्या डोक्यावर ढग नसतानाही पाणी खाली येतं. २०२४ च्या एप्रिलमध्ये ओमानच्या उत्तर शर्किया प्रांतातल्या पुरात शाळकरी मुलं वाहून गेली. ती बातमी आली त्या दिवसापासून मी वादीच्या पात्रात गाडीसुद्धा उभी करत नाही. हवामान खात्याचा इशारा असेल तर सहल पुढे ढकला.

दुसरी गोष्ट वारा. संध्याकाळी किनारा इतका शांत होता की मेणबत्ती तेवत राहिली असती. फिन्सला वाळू कमी आणि पांढरे गुळगुळीत गोटे जास्त. तंबूच्या खुंट्या त्यात शिरतात, पण धरत नाहीत. रात्री अकराच्या सुमारास डोंगरावरून गार वारा उतरायला लागला. समुद्राकडून नाही, पाठीमागून! नागपूरकर जोडपं शेकोटीपाशी बसलं होतं आणि त्यांचा रिकामा तंबू अलगद उचलला जाऊन गडगडत पाण्याकडे निघाला. दोघांनी धावत जाऊन तो लाटांच्या चार हात अलीकडे पकडला. उपाय अलिबागकराच्या बायकोकडे होता. पाच किलो बासमतीच्या चेनवाल्या पिशव्या ती शिधा भरायला घेऊन आली होती. त्या रिकाम्या केल्या, गोट्यांनी भरल्या, दोरी पिशवीच्या कानांना बांधली आणि पिशवी आडवी करून वर आणखी गोटे रचले. त्यानंतर तंबू सकाळपर्यंत तसूभर हलला नाही. अशा सहा-आठ पिशव्या घरून आठवणीने घ्या. तंबूची पाठ डोंगराकडे आणि दार समुद्राकडे ठेवा.

आता पोपटी. शेंगा आणि केळीची पानं मस्कतच्या रुवी भागातल्या भाजीवाल्याकडे मिळाली. पोपटीत गावाकडे घालतात तो वासाचा भांबुर्डीचा पाला इथे कुठून मिळणार! त्याऐवजी आमच्या बाल्कनीतल्या कुंडीतली ओव्याची पानं फांद्यांसकट खुडून नेली. मडक्याला आतून केळीचं पान, त्यावर ओव्याची पानं, मग शेंगा, बटाटे, रताळी, अंडी, हळद-मीठ-आलं-लसूण लावून पानात बांधलेलं चिकन, मधून मधून जाडं मीठ आणि ओवा. पाणी अजिबात नाही. तोंडाशी पाला घट्ट कोंबून मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा.

जाळासाठी आम्ही लाटांच्या कडेचे ओले गोटे गोल मांडले होते. तेवढ्यात शेजारच्या खाडीतून एक ओमानी कोळीदादा पिकअप घेऊन आले. म्हातारे, डोक्याला मसर गुंडाळलेला, हिंदी मोडकीतोडकी पण समजेल अशी. सलाम-दुवा झाल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते पायाने आमचे गोटे बाजूला सारायचं. "पानी वाला पत्थर, फटेगा." दगडात मुरलेल्या पाण्याची वाफ झाली की तो फुटतो आणि कपच्या डोळ्यांत उडतात. त्यांनी वरच्या अंगाचे कोरडे दगड आणून दिले. लाकूडही मस्कतहून विकतच आणा. इथलं एकेक झाड किती वर्षांत वाढतं ते पाहिलं की फांदीला हात लावायचं मन होत नाही.

पहिलं मडकं दहा मिनिटांत तडकलं. आम्ही ते रात्रभर पाण्यात भिजवून तसंच ओलं जाळात ठेवलं होतं, त्याचाच तो परिणाम असावा. आतलं सगळं दुसऱ्या, कोरड्या मडक्यात भरलं, आधी ते निखाऱ्यांशेजारी फिरवून कोमट केलं आणि मग हळूहळू जाळ वाढवला. पाऊण तासाने बुडावर पाण्याचे थेंब टाकले, चर्र झालं आणि थेंब उडाले. झाली पोपटी! पाला ओढून काढला तेव्हा जी वाफ आली, तिच्यात भांबुर्डीचा वास नव्हता हे खरं, पण अलिबागकराने पहिली शेंग सोलली आणि तो बराच वेळ काही बोलला नाही.

कोळीदादा मडक्याकडे बोट दाखवून म्हणाले, "शुवा!" ईदला इथे मसाला लावलेलं मटण पानांत बांधून जमिनीतल्या खड्ड्यात, निखाऱ्यांवर, दिवसदिवसभर पुरून ठेवतात, ती शुवा. त्यांना आमची पोपटी म्हणजे घाईची शुवा वाटली असणार. त्यांनी गाडीतून खजूर आणि कहवा आणला. कहव्याचा छोटा पेला रिकामा झाला की यजमान भरत राहतो. पुरे असेल तर पेला हातात जरा हलवून परत द्यायचा.

शेकोटी विझल्यावर आकाश उतरलं. मृग, त्याच्या मागे व्याध, वर रोहिणी आणि कृत्तिका, सगळं बोटाने दाखवता येईल इतकं स्पष्ट. थंडी बोचरी नव्हती, पण पहाटे दव इतकं पडलं की बाहेर राहिलेले बूट आणि टॉवेल पिळून काढावे लागले. साधी स्लीपिंग बॅग पुरते, पण खाली जाड सतरंजी किंवा फोमची गादी हवीच, गोटे पाठीला फार टोचतात. खाऊ गाडीत बंद ठेवा. आमची पावाची पिशवी गावच्या शेळ्यांनी पहाटे संपवली.

कोकणच्या माणसाने समुद्रात सूर्य बुडताना पाहिलेला असतो. इथे तो पावणेसातच्या सुमारास समुद्रातून वर आला. कोळीदादा जाळी घेऊन चालले होते. त्यांनी ओव्याचं पान चोळून दोनदा वास घेतला, म्हणून उरलेल्या दोन फांद्या त्यांना दिल्या. मातीत खोचल्या की जगतात.

राख थंड करून पत्र्याच्या डब्यात भरली, कचऱ्यासोबत गाडीत टाकली आणि आठ वाजता वादी शाबला पोहोचलो. गर्दी नंतर वाढते. महामार्गाच्या पुलाखालून होडीने पलीकडे जायचं, जाऊन-येऊन माणशी एक रियाल. पुढे पाऊण-एक तास चाल, खजुरांच्या बागा आणि फलज, म्हणजे बागांना पाणी नेणारे पाट, मग पोहण्याचे डोह. शेवटी दोन कातळांमधल्या डोकं जेमतेम मावेल एवढ्या फटीतून पोहत गेलं की आत गुहेत धबधबा. पोहता येत नसेल तर पहिल्या डोहापाशीच थांबा किंवा लाइफ जॅकेट न्या. गुडघ्याखाली येणारे कपडे, पाण्यात चालतील असे बूट आणि फोनसाठी जलरोधक पिशवी. परतीची शेवटची होडी किती वाजता, ते जातानाच होडीवाल्याला विचारून ठेवा.

आम्ही एक वाजता परतलो आणि महामार्गावर पहिल्या दिसलेल्या चहाच्या दुकानात थांबलो. केरळी मालकाने करक, म्हणजे कडक दुधाचा चहा आणि चिप्स-चीज घातलेले पराठे दिले. अलिबागकर तिथे बसूनच पुढच्या अमावास्येची तारीख बघत होता.